पत्त्यांऐवजी नावांवर चालणारं नेटवर्क एका लॅपटॉपवर कसं घडवायचं आणि कसं तपासायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पदव्युत्तर प्रकल्पासाठी टीसीपी-आयपीपेक्षा वेगळ्या पायावरचं, यंत्राच्या पत्त्याऐवजी माहितीच्या नावावर चालणारं नेटवर्क करायचं आहे. हाताशी एकच लिनक्स लॅपटॉप आहे. सुरुवात कुठून करायची, आणि ते चालतं हे परीक्षकांना कसं पटवायचं?

एका लॅपटॉपवर हे होतं. कोड लिहिणं हा त्यातला सोपा भाग. अवघड आहे ती विश्वासार्ह मोजमापाची मांडणी, कारण लॅपटॉपवर उभं केलेलं नेटवर्क चुकतं तेव्हा कुठलाही एरर येत नाही. आकडे येतच राहतात, आलेखही सुंदर दिसतात, फक्त ते तुमच्या रचनेबद्दल काहीच सांगत नसतात. म्हणून उत्तराचा मोठा भाग मी त्यावरच खर्च करतो.

एकच गृहीतक मोडा

आजच्या इंटरनेटने काही गोष्टी गृहीत धरल्या आहेत. संवाद दोन यंत्रांमध्ये होतो. पत्ता एकाच वेळी 'कोण' आणि 'कुठे' दोन्ही सांगतो. मधला राउटर मागच्या पॅकेटबद्दल काही लक्षात ठेवत नाही. मार्ग नेटवर्क ठरवतं, पाठवणारा नाही. गंभीरपणे मांडलेली प्रत्येक पर्यायी रचना यातलं एखादं गृहीतक मोडते. एनडीएन, म्हणजे नेम्ड डेटा नेटवर्किंग, पहिलं आणि तिसरं मोडतं. व्हॅन जेकबसन यांच्या गटाचा २००९ चा शोधनिबंध हा त्याचा पाया, आणि २०१० मध्ये अमेरिकेच्या एनएसएफ या विज्ञान-निधी संस्थेने भावी इंटरनेटसाठी निवडलेल्या चार प्रकल्पांत एनडीएन होतं. झ्युरिकच्या ईटीएचमधलं सायन चौथं मोडतं: पाठवणारा स्वतः मार्ग निवडतो आणि तो पॅकेटमध्येच लिहिलेला असतो. एचआयपी आणि लिस्प हे प्रोटोकॉल दुसऱ्याला हात घालतात: 'कोण' आणि 'कुठे' वेगळे करतात.

तुम्ही पहिलं आणि तिसरं मोडणार आहात, तेवढंच मोडा. सोबत नवीन राउटिंग प्रोटोकॉल, नवीन सुरक्षा आणि नवीन गर्दी-नियंत्रणही आणलंत, तर निकाल चांगला आला काय किंवा वाईट आला काय, कशामुळे ते कोणालाच सांगता येणार नाही. राउटिंगचे तक्ते सुरुवातीला हाताने भरा.

मग दावा एका वाक्यात लिहा, आणि तो खोटा ठरू शकेल असा लिहा. 'कार्यक्षम नेटवर्क' हा दावा नव्हे. 'एकाच वस्तूची मागणी दहा ग्राहकांनी ५० मिलिसेकंदांच्या आत केली, तर उत्पादकाच्या लिंकवर ती एकदाच जाते, आणि मधला एक राउटर बंद पडला तरी दोन सेकंदांत पुरवठा पुन्हा सुरू होतो' हा दावा आहे.

कोडच्या आधी कागद

पर्यायी रचनांचा खरा कस राउटरला किती लक्षात ठेवावं लागतं इथे लागतो. हा हिशेब कागदावर होतो आणि बऱ्याच कल्पना इथेच गळतात.

नावावर चालणाऱ्या राउटरात तीन तक्ते असतात: कोणतं नाव कुठे पाठवायचं याचा (एफआयबी), कोणाची कोणती मागणी प्रलंबित आहे याचा (पीआयटी), आणि येऊन गेलेल्या माहितीचा साठा. समजा लिंक १० गिगाबिटची, डेटा पॅकेट १२५० बाइटचं. म्हणजे सेकंदाला १० लाख पॅकेटं. फेरी, म्हणजे मागणी जाऊन उत्तर परत यायचा वेळ, १०० मिलिसेकंदांची असेल तर कुठल्याही क्षणी १ लाख मागण्या प्रलंबित. नोंदीला २०० बाइट धरले तर २ कोटी बाइट, म्हणजे २० मेगाबाइट. काळजीचं कारण नाही असं वाटतं. आता कोणी अस्तित्वातच नसलेल्या नावांच्या मागण्या पाठवायला लागला तर? एनडीएनमध्ये मागणीचं डीफॉल्ट आयुष्य ४ सेकंद आहे. सेकंदाला १० लाख खोट्या मागण्या आल्या की ४० लाख नोंदी, ८०० मेगाबाइट. आणि १०० बाइटची मागणी धरली तर हल्लेखोराला लागतात फक्त ८०० मेगाबिट, लिंकच्या दहाव्या भागाहून कमी. तुमच्या रचनेत यावर उपाय आहे का, हे कोड लिहिण्याआधी ठरवा. साधा उपाय म्हणजे प्रत्येक इंटरफेसमागे प्रलंबित मागण्यांची कमाल मर्यादा.

साठ्याचाही हिशेब करा. १० गिगाबिटची लिंक सेकंदाला सव्वा गिगाबाइट आणते. ८ गिगाबाइटचा साठा ६.४ सेकंदांत भरतो. म्हणजे वेगवान लिंकवरचा साठा फार तर काही सेकंदांची आठवण असते. हरवलेलं पॅकेट जवळून परत मिळणं आणि एकाच वेळी अनेकांनी तीच गोष्ट पाहणं, यासाठी तो उत्तम. 'काल पाहिलेला व्हिडिओ आज जवळून मिळेल' यासाठी नाही.

मग वेग. १० गिगाबिटवर सर्वांत लहान ६४ बाइटच्या फ्रेम आल्या, तर तारेवरची २० बाइटची जादा जागा धरून प्रत्येक फ्रेमला ६७.२ नॅनोसेकंद मिळतात. मुख्य मेमरीतून एकदा वाचायलाच साधारण तेवढा वेळ जातो. पाच घटकांच्या नावासाठी सर्वांत लांब जुळणारा उपसर्ग (नावाचा सुरुवातीचा भाग) शोधायचा तर पाच वेळा हॅश तक्त्यात पाहावं लागू शकतं. यावरून कळतं की नावाच्या घटकांची संख्या मोकळी सोडता येत नाही.

शेवटी तक्त्याचा आकार. आयपीव्ही४ च्या जागतिक तक्त्यात आज सुमारे १० लाख उपसर्ग आहेत. तो ५ लाख १२ हजारांच्या पुढे गेला त्या दिवशी, १२ ऑगस्ट २०१४ ला, तेवढीच जागा राखलेले जुने राउटर जगभर कोलमडले होते. नोंदवलेली डोमेन नावं ३५ कोटींच्या वर आहेत. प्रत्येक नावाला जागतिक तक्त्यात ओळ देणार असाल तर रचना इथेच संपली. एकतर नावाला 'या दिशेला विचारा' असा संकेत जोडावा लागेल, नाहीतर तुमची रचना एका संस्थेच्या आत चालण्यापुरती आहे असं स्पष्ट लिहावं लागेल. दुसरा पर्याय कमीपणाचा नाही.

पॅकेट

हेडर लहान ठेवा: आवृत्ती, प्रकार, उरलेले टप्पे, एकूण लांबी, मग नाव. 'उरलेले टप्पे' वगळू नका; फॉरवर्डिंगमध्ये एक चूक झाली की पॅकेट गोल फिरत राहतं आणि लॅपटॉप गोठतो. एकूण लांबी हवीच, कारण इथरनेटवर ४६ बाइटपेक्षा लहान मजकुरामागे शून्यं भरली जातात. लिनक्सच्या आभासी वेथ जोडीवर हे भरण होत नाही. म्हणून लांबी न लिहिणारा कोड लॅपटॉपवर निर्धोक चालतो आणि खऱ्या कार्डावर पहिल्याच मागणीला नावाच्या शेवटी शून्यं चिकटवतो.

सहीचं वजन विसरू नका. डेटा कुठूनही येऊ शकतो, तेव्हा प्रत्येक पॅकेटवर उत्पादकाची सही लागते. २०४८ बिटच्या आरएसएची सही २५६ बाइटची, एड२५५१९ ची ६४ बाइटची. हजार बाइटच्या मजकुरावर हा फरक उघड दिसतो.

पॅकेट थेट इथरनेटवर पाठवायचं असेल तर स्थानिक प्रयोगांसाठी राखून ठेवलेले इथरटाइप (फ्रेममध्ये कोणता प्रोटोकॉल आहे ते सांगणारे क्रमांक) हेक्समध्ये ८८बी५ आणि ८८बी६ आहेत. आयपीच्या पोटात घालायचं तर प्रोटोकॉल क्रमांक २५३ आणि २५४ प्रयोगांसाठी आहेत. पण खऱ्या इंटरनेटवर ते मधली उपकरणं बहुधा टाकून देतील. टीसीपीला पर्याय असलेलं एससीटीपी २००० मध्येच प्रमाणित झालं, आणि घराघरांतल्या नॅट पेट्यांना (पत्ते बदलून देणाऱ्या राउटरांना) ते ओळखता येत नसल्यामुळे सर्वसाधारण वापरात आलंच नाही. क्विक हा २०२१ चा प्रोटोकॉल यूडीपीवर बसवला गेला त्यामागे हेही एक कारण आहे. तेव्हा लॅपटॉपवर इथरटाइप, बाहेर पडताना यूडीपी. दोन्हीसाठी पाठवण्या-घेण्याचा थर वेगळा ठेवा. यूडीपीत घालताना आयपीव्ही४ वर २८, आयपीव्ही६ वर ४८ बाइट जातात. जवळपास कुठल्याही मार्गावर तुकडे न होता पोचावं म्हणून यूडीपीच्या आतलं तुमचं पॅकेट १२३२ बाइटच्या आत ठेवा.

पहिल्याच दिवशी पॅकेटं दाखवणाऱ्या वायरशार्कसाठी लुआ भाषेत छोटा डिसेक्टर, म्हणजे तुमचं पॅकेट उलगडून दाखवणारा कोड, लिहा. पन्नासेक ओळींचं काम आहे, आणि पुढचे आठवडे हेक्समध्ये डोळे फोडून घ्यावे लागत नाहीत.

नकली नेटवर्क खरं बोलतंय का?

लिनक्सच्या नेटवर्क नेमस्पेस म्हणजे नोड, वेथ जोड्या म्हणजे तारा, आणि टीसी या आज्ञेतलं नेटेम म्हणजे विलंब व गळती. मिनीनेट हे तयार साधनही हेच वापरतं. तरी सात नोडसाठी शेलची स्क्रिप्ट स्वतः लिहा, काय चाललंय ते दिसतं. मांडणी अशी: दोन ग्राहक, हिऱ्याच्या आकारात चार राउटर, एक उत्पादक. वरचा मार्ग १० मिलिसेकंद, खालचा ४०, दोन्ही ५० मेगाबिट. सरळ रेषेतली तीन नोडची मांडणी कामाची नाही. तिच्यात चक्र होत नाही, पर्यायी मार्ग नाही, म्हणजे चुकायला जागाच नाही.

तुमचा एकही पॅकेट सोडण्याआधी या मांडणीवर साधं आयपी चालवून ती तपासा. इथे हमखास पुढचे घोटाळे निघतात.

नेटेमची रांग डीफॉल्टने १००० पॅकेटांची असते, आणि विलंबासाठी थांबवून ठेवलेली पॅकेटंही त्याच मर्यादेत मोजली जातात. १ गिगाबिट आणि एका दिशेला ५० मिलिसेकंद म्हटलं तर हवेतच सुमारे ४१७० पॅकेटं असतात. मर्यादा १००० ठेवली की वेग २४० मेगाबिटच्या आसपास अडकतो आणि दोष तुमच्या प्रोटोकॉलवर येतो. उलट १० मेगाबिटच्या लिंकवर तीच १००० पॅकेटांची रांग म्हणजे १.२ सेकंदांचा साठलेला विलंब. म्हणून वेगाची मर्यादा एका नोडवर आणि विलंब दुसऱ्यावर लावा. विलंबाच्या रांगेला भरपूर जागा द्या आणि वेगाच्या रांगेची लांबी विचारपूर्वक ठरवा: ५० मेगाबिट गुणिले २० मिलिसेकंदांची फेरी म्हणजे १२५ किलोबाइट, साधारण ८३ पॅकेटं. विलंब पाठवणाऱ्या नोडवरच लावू नका; कर्नलमधलं टीसीपी स्वतःच्या रांगेकडे बघून वागणूक बदलतं आणि तुलना बिघडते.

टीएसओ, जीएसओ, जीआरओ या पॅकेटं एकत्र हाताळणाऱ्या तिन्ही सोयी इथटूलने बंद करा. त्या चालू असताना कर्नल ६४ किलोबाइटपर्यंतचा गठ्ठा एकच पॅकेट म्हणून फिरवतं. नेटेमने १ टक्का गळती लावली की गठ्ठेच्या गठ्ठे गळतात. चेकसम ऑफलोडही (चेकसमचं गणित कार्डावर सोपवणं) बंद करा, नाहीतर रॉ सॉकेटवर वाचणाऱ्या प्रोग्रॅमला अर्धवट चेकसमची पॅकेटं दिसतात.

विलंबात चढउतार लावला की नेटेम पॅकेटांचा क्रमही बदलतं. तो परिणाम हवा असेल तर ठीक, पण आलेखाखाली 'जिटर' एवढंच लिहू नका. तसंच साधी टक्केवारीची गळती प्रत्येक पॅकेटला स्वतंत्र नाणेफेक करते. वायरलेसमध्ये गळती झुंडीने होते. त्यासाठी नेटेममध्येच गिल्बर्ट-एलियट मॉडेल आहे.

नेमस्पेसमधलं आयपीव्ही६ बंद करा, शेजारशोधाची पॅकेटं मोजणीत घुसतात. मार्ग जाताना एक आणि येताना दुसरा असेल तर आरपी-फिल्टर (पॅकेट अपेक्षित वाटेने आलं का ते बघणारी कर्नलची तपासणी) पॅकेटं मुकाट्याने टाकतं. आयपीशी तुलना करताना ते शून्य करा.

सगळं जमलं की १०० मेगाबिटच्या लिंकवर टीसीपीचा उपयोगी वेग ९५.६ मेगाबिटच्या आसपास यायला हवा: १५१४ बाइटच्या फ्रेममध्ये १४४८ बाइट मजकूर. ८० आला तर पुढे जाऊ नका. ९९ आला तर त्याहून नको, कुठेतरी गठ्ठे बनतायत.

उरतो प्रोसेसर. सगळे नोड एकाच प्रोसेसरचे कोअर वाटून घेतात. पायथनमध्ये फॉरवर्डर (पॅकेटं पुढे पाठवणारा राउटरचा प्रोग्रॅम) लिहिलात तर तर्क तपासायला उत्तम, वेग मोजायला निरुपयोगी. गो, रस्ट किंवा सी घ्या, आणि प्रोसेसरचा वीजबचतीचा मोड बंद करा. पण प्रोसेसर आड येतोय की नाही हे ओळखायची खात्रीची युक्ती अशी: सगळ्या लिंकचे वेग दहापट कमी करा, सगळे विलंब आणि टायमर दहापट वाढवा. वेग आणि विलंब यांचा गुणाकार तोच राहतो. आता वेळ 'किती फेऱ्या' या मापात लिहिली तर निकाल तेच यायला हवेत. बदलले तर आधीचे आकडे तुमच्या लॅपटॉपबद्दल होते, रचनेबद्दल नव्हते.

फॉरवर्डरमध्ये हमखास होणाऱ्या चुका

पहिली चूक जवळजवळ प्रत्येक पहिल्या प्रयत्नात होते. एकाच नावाच्या मागण्या एकत्र करायच्या म्हणून राउटर प्रलंबित नोंद दिसली की नवी मागणी गिळतो. पुढे कुठेतरी पॅकेट हरवतं, ग्राहक पुन्हा मागतो, आणि ती पुनर्मागणीही गिळली जाते. चार सेकंद सगळं ठप्प. उपाय: त्याच नावाची मागणी दुसऱ्या इंटरफेसवरून आली तर एकत्र करा, त्याच इंटरफेसवरून नव्या यादृच्छिक क्रमांकासह (तो ग्राहक प्रत्येक मागणीत घालतो) आली तर ती पुनर्मागणी आहे, पुढे पाठवा, फक्त फार घाईने नाही.

दुसरी: चक्र ओळखायला तो यादृच्छिक क्रमांक नोंदीतच ठेवला, आणि नोंद पुसल्यावर फिरून आलेली मागणी नवीन वाटली. पुसलेल्या नोंदींचे क्रमांक थोडा काळ वेगळ्या यादीत ठेवा.

तिसरी: सही न तपासता साठवलेला डेटा. एकदा खोटं पॅकेट साठ्यात बसलं की राउटर ते सगळ्यांना वाटतो. प्रत्येक पॅकेट तपासणं राउटरला परवडत नसेल, तर ग्राहकाला 'हे पॅकेट नको' म्हणता येईल अशी सोय तरी लागते.

मोडून बघा

दुवा तोडण्यासाठी वेथचं एक टोक खाली पाडू नका. दुसऱ्या टोकाला ते लगेच कळतं, आणि तुमची बिघाड ओळखण्याची वेळ जवळपास शून्य येते. खरी लिंक बऱ्याचदा वर दिसत असताना काहीच पोचवत नाही. म्हणून १०० टक्के गळती लावा. आधी दोन्ही दिशांना, मग एकाच दिशेला. एकतर्फी बिघाड नावावरच्या नेटवर्कला विशेष लागतो: डेटा ज्या वाटेने मागणी गेली त्याच वाटेने परत येतो, त्यामुळे मागणी पोचते, उत्तर मात्र कधीच येत नाही. मग राउटरचा प्रोसेस किल करून लगेच परत सुरू करा, सगळे तक्ते रिकामे. त्यानंतर प्रोसेसला स्टॉप सिग्नल देऊन तीन सेकंद गोठवा आणि सोडा. जुनी पॅकेटं एकदम बाहेर पडतात तेव्हा काय होतं ते बघा. शेवटी ५ टक्के गळती, जी 'बिघाड' म्हणून ओळखली जात नाही पण सगळं हळू करते.

खंड मोजायला सेकंदाला १००० क्रमांकित मागण्या ठरलेल्या वेळेला पाठवत राहा. हरवलेल्या क्रमांकांची सलग लांबी म्हणजेच मिलिसेकंदांतला खंड. मागच्या उत्तराची वाट बघून पुढची मागणी पाठवू नका. नेटवर्क अडकलं की मोजणीही अडकते आणि सर्वांत वाईट क्षणांचे नमुनेच नोंदले जात नाहीत.

मागण्यांची नावं सारख्या शक्यतेने निवडू नका. शंभर वस्तू आणि हजार जागांचा साठा घेतला तर साठा नेहमीच जिंकतो. झिफ वितरण (मोजक्या वस्तूंना खूप मागणी, बाकीच्यांना थोडी) घ्या, घातांक ०.६ ते १ असा बदलत न्या, आणि वस्तूंची संख्या साठ्याच्या निदान शंभरपट ठेवा. प्रत्येक मांडणी वेगवेगळ्या बीजांनी (यादृच्छिक आकड्यांची सुरुवात ठरवणाऱ्या संख्यांनी) ३० वेळा चालवा, क्रम सरमिसळ करा, मध्यक आणि ९९ वा शतमक दोन्ही द्या.

तुलना कोणाशी? साठा असलेलं तुमचं नेटवर्क विरुद्ध साठा नसलेलं टीसीपी ही तुलना प्रामाणिक नाही. त्याच राउटरांच्या जागी तेवढ्याच साठ्याचे एचटीटीपी प्रॉक्सी ठेवा आणि मग बघा. तसंच तुमचा फॉरवर्डर यूजरस्पेसमध्ये आणि आयपी कर्नलमध्ये, तेव्हा सेकंदाला किती पॅकेटं याची तुलना करू नका. लिंकवरून गेलेले बाइट, लागलेल्या फेऱ्या, राउटरातल्या नोंदी, खंडाची लांबी हे मोजा. ते कोड किती घोटून लिहिलाय यावर फारसं अवलंबून नसतं.

शेकडो नोड हवे असतील तर एनएस-३ या सिम्युलेटरकडे वळा. एनडीएनसाठी त्यावर बसवलेलं एनडीएनसिम आहे. तिथे यंत्र हळू पडलं तर प्रयोग फक्त लांबतो, आकडे बिघडत नाहीत. प्रयोग पुन्हापुन्हा चालवताना तिथे बीज न बदलता रन क्रमांक बदला, तसंच अपेक्षित आहे.

आणि कुठूनतरी दुसरं यंत्र एका दिवसासाठी मिळवून, मध्ये केबल लावून हेच चालवा. शून्यांचं भरण तिथे दिसेल. अनोळखी इथरटाइपची पॅकेटं नेटवर्क कार्डाला वाटून देता येत नाहीत, त्यामुळे ती सगळी एकाच रांगेत, एकाच कोअरवर येतात. बाकीचे कोअर रिकामे दिसले तर तुमच्या कोडमध्ये शोधत बसू नका. यूडीपीत गुंडाळून अनेक समांतर मार्गांच्या नेटवर्कवर गेलात तर त्याचंच भावंड भेटतं: मधले राउटर पत्ते आणि पोर्ट पाहून मार्ग निवडतात, त्यामुळे एका बोगद्याची सगळी वाहतूक एकाच मार्गावर दाटते. नावाच्या हॅशवरून यूडीपीचा सोर्स पोर्ट ठरवा. एका नावाची पॅकेटं एकाच मार्गाने, क्रमाने जातील आणि वेगवेगळी नावं मार्गांवर पसरतील.